एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी वसाहतकऱ्याची वंशावळ कशी शोधावी : कागदांचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

सून किंवा जावई अमेरिकी असलेल्या मराठी घरात नातवंडांची वंशावळ लिहायला घेतली, की एका बाजूला छापील कुलवृत्तांत असतो आणि दुसऱ्या बाजूला एवढेच एक वाक्य असते : ‘आमचे खापरपणजोबा कापडी छपराच्या गाडीतून नेब्रास्कात गेले आणि तिथे त्यांना सरकारी जमीन मिळाली.’ हे वाक्य हाती धरून बहुतेक जण संकेतस्थळावर खापरपणजोबांचे नाव टाकतात, कुणीतरी आधीच तयार केलेला वंशवृक्ष समोर येतो आणि तोच उतरवून घेतला जातो. माझ्या सुनेच्या माहेरची वंशावळ लावताना मीही हेच केले आणि त्याच नावाच्या, त्याच राज्यात जन्मलेल्या दुसऱ्याच माणसाच्या मागे आठ महिने घालवले. कागद कमी होते म्हणून असे झाले नाही. ते ज्या क्रमाने पाहायला हवे होते त्या क्रमाने मी पाहिले नाहीत, म्हणून झाले.

पुढचे टप्पे साधारण १८४० ते १८९० या काळात मिसिसिपी नदीच्या पश्चिमेला वस्तीला गेलेल्या कुटुंबांसाठी आहेत. मधूनमधून मी डॅनियल फ्रीमन यांचे उदाहरण घेतले आहे. १८६२ च्या होमस्टेड कायद्याखाली (वस्ती करून कसणाऱ्याला सरकारी जमीन देणाऱ्या कायद्याखाली) जमिनीसाठी अर्ज करणाऱ्या अगदी पहिल्या लोकांपैकी ते एक होते. त्यांचे कागद सार्वजनिक आहेत आणि कोणत्या कागदातून काय निघते, हे त्यांवरून चांगले समजते.

## पूर्वतयारी

पहिले काम म्हणजे प्रश्न लिहून काढणे. ‘अमुक घराण्याचा इतिहास’ हा शोधाचा प्रश्न होत नाही. ‘१८७० साली नेब्रास्काच्या गेज काउंटीत शेती करणाऱ्या अमुक नावाच्या माणसाचे आईवडील कोण?’ हा प्रश्न होतो, कारण त्यात नाव, ठिकाण, काळ आणि नाते या चारही गोष्टी आहेत. (काउंटी म्हणजे राज्यातला आपल्या जिल्ह्यासारखा विभाग.) चारांपैकी एखादी माहीत नसेल, तर आधी ती मिळवणे हाच आपला पहिला प्रश्न ठरतो.

दुसरे काम म्हणजे शोधवही. कोणत्या दिवशी, कोणता नोंदसंग्रह, नावाचे कोणते स्पेलिंग आणि कोणती वर्षे पाहिली, तसेच काय सापडले आणि काय सापडले नाही, हे सर्व त्यात लिहावे. न सापडल्याची नोंद कंटाळवाणी वाटते, पण ती नसेल तर सहा महिन्यांनी आपण तीच यादी पुन्हा पहिल्यापासून चाळत बसतो.

तिसरे काम घरातल्या वस्तूंचे. जुन्या बायबलमध्ये जन्म, विवाह आणि मृत्यू लिहिण्यासाठी स्वतंत्र पाने असत, त्यांची छायाचित्रे घ्यावीत आणि त्याबरोबर ग्रंथ छापल्याचे वर्ष असलेल्या पानाचेही छायाचित्र घ्यावे. ग्रंथ १८७५ साली छापलेला असेल आणि १८२० पासूनचे जन्म एकाच शाईने, एकाच हाताने लिहिलेले असतील, तर त्या नोंदी मागाहून आठवून लिहिल्या आहेत आणि त्यांचे वजन त्या मानाने कमी धरावे लागते. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारताना स्त्रियांची माहेरची आडनावे आधी विचारावीत. पुढे सर्वांत जास्त अडते ते तिथेच.

सावधान : अमेरिकी कागदावर महिना आधी आणि दिवस नंतर असतो. ४/७/१८७१ म्हणजे ७ एप्रिल १८७१, ४ जुलै नव्हे. आपल्या टिपणांत महिना नेहमी अक्षरांत लिहावा. ही चूक एकदा शिरली की कुठून शिरली ते सापडत नाही.

साधनांपैकी ‘फॅमिलीसर्च’ हे सॉल्ट लेक सिटीहून चालणारे संकेतस्थळ विनामूल्य आहे आणि सुरुवातीला तेवढे पुरते. ‘अ‍ॅन्सेस्ट्री’ला वर्गणी लागते, पण अमेरिकेतल्या अनेक सार्वजनिक ग्रंथालयांत ते तिथल्या संगणकावर फुकट पाहता येते. वर्गणी भरण्याआधी ग्रंथालयात चौकशी करावी.

## टप्पा १ : आजपासून मागे चालणे

वसाहतकऱ्यापासून खाली उतरायचे नाही, हयात व्यक्तीपासून एकेक पिढी मागे जायचे. प्रत्येक पायरीवर एकच गोष्ट सिद्ध करायची : हे मूल याच आईबापांचे आहे. हा दुवा कागदाने जोडला गेल्याशिवाय मागची पिढी हाती घेऊ नये.

विसाव्या शतकासाठी मृत्यूचा दाखला सर्वांत सोयीचा, कारण त्यात बहुधा मृताच्या वडिलांचे नाव आणि आईचे माहेरचे आडनाव असते. मात्र त्या दाखल्यावर ‘माहिती देणारा’ असा एक रकाना असतो, तो आधी वाचावा. जावयाने सासऱ्याच्या मृत्यूची तारीख सांगितली तर ती भरवशाची आहे, पण सासऱ्याच्या आईचे नाव त्याने ऐकीव सांगितलेले असते. एकाच कागदावरच्या दोन माहित्यांचे वजन असे वेगवेगळे असू शकते. १९३६ नंतर ज्यांनी सोशल सिक्युरिटी या सरकारी निवृत्तिवेतन योजनेसाठी अर्ज केला, त्यांच्या अर्जात आईवडिलांची नावे त्यांच्या स्वतःच्या सांगण्यावरून आलेली असतात, त्यामुळे तो अर्ज मागवणे फायद्याचे ठरते.

पश्चिमेकडच्या राज्यांत जन्म-मृत्यूची राज्यव्यापी नोंद उशिरा सुरू झाली. मॅसॅच्युसेट्समध्ये ती १८४१ पासून आहे, तर कॅन्ससमध्ये १९११ पासून. त्यामुळे कॅन्ससमध्ये १८७२ साली जन्मलेल्या मुलाचा जन्मदाखला शोधत राहणे व्यर्थ असते. त्या काळासाठी जनगणना, जमीन, चर्च आणि वर्तमानपत्रे यांकडेच वळावे लागते.

तपासा : १९०० सालच्या जनगणनेत आपले कुटुंब निश्चित सापडले का? सापडले नसेल तर पुढे जाऊ नये.

## टप्पा २ : जनगणनेची शिडी

संघराज्याची जनगणना दर दहा वर्षांनी होते आणि व्यक्तिगत नोंदी ७२ वर्षांनी खुल्या होतात. १९५० ची जनगणना २०२२ मध्ये खुली झाली. आपण १९५० पासून दहा-दहा वर्षे मागे जात राहायचे, मधली एकही पायरी गाळायची नाही. प्रत्येक पायरीवर विचारलेले प्रश्न वेगळे आहेत.

१९०० च्या तक्त्यात जन्माचा महिना आणि वर्ष, लग्नाला किती वर्षे झाली, स्त्रीला किती मुले झाली आणि त्यांपैकी किती हयात आहेत, हे सर्व असते. बाहेरून आलेल्यांच्या बाबतीत अमेरिकेत आल्याचे वर्षही असते. आईला आठ मुले झाली आणि सहा हयात आहेत, असे तिथे लिहिलेले असेल आणि आपल्या यादीत पाचच नावे असतील, तर काम अपुरे आहे.

१८९० चे तक्ते जवळजवळ सर्व गेले. जानेवारी १९२१ मध्ये वॉशिंग्टनच्या वाणिज्य खात्याच्या इमारतीत लागलेल्या आगीत त्यांची वाट लागली. त्यामुळे १८८० ते १९०० अशी वीस वर्षांची फट पडते, आणि पुष्कळांची वंशावळ इथेच चुकते, कारण १८८० चा आठ वर्षांचा मुलगा १९०० मध्ये परराज्यात स्वतःचा संसार थाटून बसलेला असतो. ही फट भरायला १८८५ ची जनगणना उपयोगी पडते. नेब्रास्का, कोलोरॅडो, फ्लोरिडा, डकोटा टेरिटरी आणि न्यू मेक्सिको टेरिटरी (टेरिटरी म्हणजे अजून राज्याचा दर्जा न मिळालेला प्रदेश) इथे ती संघराज्याच्या मदतीने झाली. कॅन्सस आणि आयोवा यांनी स्वतःच्या जनगणना घेतल्या. कॅन्ससच्या १८७५ आणि १८८५ च्या तक्त्यांत ‘कॅन्ससला कुठून आलात’ असा थेट प्रश्न आहे. स्थलांतराची वाट शोधणाऱ्याला याहून मोलाचा रकाना क्वचितच मिळेल.

१८८० मध्ये प्रथमच प्रत्येकाचे कुटुंबप्रमुखाशी नाते आणि आईवडिलांची जन्मराज्ये लिहिली गेली. १८५०, १८६० आणि १८७० मध्ये सर्व मुक्त व्यक्तींची नावे आहेत, पण नाते लिहिलेले नाही. त्या तक्त्यांत चाळीस वर्षांच्या पुरुषाखाली छत्तीस वर्षांची स्त्री दिसली म्हणून ती पत्नीच असे धरता येत नाही, ती बहीण असू शकते. पत्नी असली तरी ती सर्व मुलांची आई असेलच असे नाही. धाकट्या दोन मुलांत एकाएकी सहा वर्षांचे अंतर पडलेले दिसले, तर पहिली पत्नी वारली असावी अशी शंका घेऊन पुढचा शोध करावा.

जनगणनेला त्या काळात एक ठरावीक दिवस असे. १८५० ते १८८० आणि १९०० या सालांत तो १ जून होता. गणक ऑगस्टमध्ये दारात आला तरी १ जूनला घरात कोण होते हेच त्याने लिहायचे असे. म्हणून १ जूननंतर जन्मलेले मूल वगळले जाणे आणि नंतर वारलेला माणूस यादीत दिसणे दोन्ही बरोबर आहे, आणि गणकांनी हा नियम अनेकदा पाळला नाही हेही तितकेच खरे. आणखी एक गोष्ट : १८५० ते १८८० मध्ये आधीच्या बारा महिन्यांत वारलेल्यांची वेगळी यादी होत असे. लहान मुलांच्या मृत्यूंचा पुष्कळदा तेवढाच पुरावा उरलेला असतो.

गुलामगिरीतून मुक्त झालेल्या आणि कॅन्ससच्या निकोडेमससारख्या वस्त्यांत गेलेल्या कृष्णवर्णीय वसाहतकऱ्यांसाठी ही शिडी १८७० ला थांबते. त्यापूर्वीच्या १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या याद्यांत, मोजके अपवाद सोडता, नावे नाहीत. मालकाच्या नावाखाली फक्त वय, लिंग आणि वर्ण लिहिले आहे. अशा कुटुंबासाठी पुढचा कागद फ्रीडमेन्स ब्यूरोचा, म्हणजे मुक्त झालेल्या गुलामांसाठीच्या सरकारी खात्याचा, आणि १८६५ ते १८७४ या काळात चाललेल्या फ्रीडमन्स बँकेच्या खात्यांचा आहे. त्या खात्यांच्या अर्जांत आईवडील, भावंडे आणि काही वेळा आधीच्या मालकाचे नावही येते.

सावधान : संकेतस्थळाची नामसूची माणसाने किंवा यंत्राने हस्ताक्षर वाचून केलेली असते. जुन्या इंग्रजी लिखाणात दोन ‘एस’ जोडून आले की ते ‘पी’सारखे दिसतात, आणि ‘आय’ व ‘जे’ ही अक्षरे एकमेकांत मिसळतात. नाव सापडले नाही तर आडनाव सोडून द्यावे आणि काउंटी, पहिले नाव, वय व जन्मराज्य एवढ्यावर शोधावे. तेही जमले नाही तर टाउनशिपचे, म्हणजे काउंटीतल्या लहान विभागाचे, तक्ते पानापानाने वाचावेत. पॉली म्हणजे मेरी, पॅट्सी म्हणजे मार्था, पेगी म्हणजे मार्गारेट आणि सॅली म्हणजे सारा, हे ध्यानात ठेवले नाही तर एकाच बाईच्या वंशावळीत दोन व्यक्ती होतात.

## टप्पा ३ : आधी नकाशा, मग दप्तर

अमेरिकेत विवाह, वारसा, जमिनीची खरेदी-विक्री आणि कर हे सर्व कागद काउंटीच्या कचेरीत असतात, आणि काउंट्यांच्या सीमा एकोणिसाव्या शतकात सतत बदलल्या. गेज काउंटीच्या उत्तरेला पूर्वी क्ले नावाची काउंटी होती. १८६४ मध्ये ती मोडून तिची जमीन गेज आणि लँकेस्टर या दोन काउंट्यांत वाटली गेली. आजच्या नेब्रास्कातही क्ले काउंटी आहे, पण ती वेगळ्याच ठिकाणी, पुष्कळ पश्चिमेला आहे. १८६० च्या कागदावर ‘क्ले काउंटी’ वाचून आजच्या क्ले काउंटीच्या कचेरीला पत्र लिहिणाऱ्याला काहीच मिळणार नाही.

शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयाने काउंट्यांच्या ऐतिहासिक सीमांचा नकाशासंग्रह विनामूल्य उपलब्ध केला आहे. आपल्या माणसाच्या प्रत्येक घटनेची तारीख त्यात घालून त्या दिवशी ते ठिकाण कोणत्या काउंटीत होते, हे वहीत लिहून घ्यावे. सीमा बदलली तरी जुने कागद सहसा जुन्याच काउंटीच्या कचेरीत राहतात.

## टप्पा ४ : जमिनीची फाइल

या संपूर्ण शोधात सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते इथे, आणि माझ्या मते सर्वांत जास्त मिळते तेही इथेच. सातबारा आणि फेरफार यांतून घराण्याच्या पिढ्या लावणे आपल्याला परके नाही, तीच दृष्टी इथे ठेवावी.

जमीन कोणत्या प्रकारची, हे आधी ठरवा. तीस राज्यांत जमीन मुळात संघराज्य सरकारकडून लोकांना मिळाली. मूळच्या तेरा वसाहती, त्यांतून निघालेली राज्ये, टेक्सस आणि हवाई इथे तसे नव्हते. टेक्ससमध्ये गेलेल्या माणसाची होमस्टेड फाइल वॉशिंग्टनमध्ये शोधणे ही नेहमीची चूक आहे. टेक्ससची जमीन टेक्ससनेच वाटली आणि तिचे कागद ऑस्टिनच्या जमीन कचेरीत आहेत.

कोणता कायदा, हे पाहा. २० मे १८६२ चा होमस्टेड कायदा १ जानेवारी १८६३ पासून अमलात आला. एकवीस वर्षांच्या किंवा कुटुंबप्रमुख असलेल्या नागरिकाला, अथवा नागरिक होण्याचा इरादा जाहीर केलेल्याला, १६० एकरांपर्यंत जमीन पाच वर्षे राहून आणि कसून मिळत असे. अविवाहित आणि विधवा स्त्रियांनाही अर्ज करता येई, म्हणून घरातल्या सर्व प्रौढ स्त्रियांच्या नावानेही शोधावे. सहा महिने राहून, एकरी सव्वा डॉलर भरून जमीन लवकर नावावर करून घेण्याची सोयही होती. ओरेगॉनमध्ये १८५० चा वेगळा कायदा होता. त्या फाइलींत अर्जदाराचा जन्म, विवाहाची तारीख व ठिकाण आणि पत्नीचे नाव असते, कारण विवाहित जोडप्याच्या जमिनीचा अर्धा हिस्सा पत्नीच्या स्वतःच्या नावावर होत असे.

सनद शोधा. संघराज्याच्या भूव्यवस्थापन विभागाच्या संकेतस्थळावर राज्य आणि नाव घातले की जमिनीच्या सनदेची प्रतिमा मिळते. तिथे पुष्कळ जण थांबतात. सनदेत नाव, तारीख आणि जमिनीचे वर्णन एवढेच असते, घराण्याची माहिती नसते. तिचा खरा उपयोग पुढची फाइल मागवण्यासाठी लागणारे आकडे मिळवण्यापुरता आहे.

वर्णन वाचायला शिका. फ्रीमन यांची जमीन अशी लिहिली आहे : सेक्शन २६, टाउनशिप ४ उत्तर, रेंज ५ पूर्व, त्यात वायव्य चतुर्थांशाचा दक्षिणार्ध, वायव्य चतुर्थांशाचा ईशान्य चतुर्थांश आणि ईशान्य चतुर्थांशाचा नैऋत्य चतुर्थांश. टाउनशिपचा आकडा उत्तर-दक्षिण आणि रेंजचा आकडा पूर्व-पश्चिम स्थान सांगतो. मोजणीची टाउनशिप सहा मैल चौरस असते, तिचे ३६ सेक्शन पडतात आणि प्रत्येक सेक्शन ६४० एकरांचा असतो. म्हणजे सेक्शनचा चतुर्थांश १६० एकर, त्याचा अर्धा ८० आणि चतुर्थांश ४०. फ्रीमन यांचे ८० अधिक ४० अधिक ४० मिळून बरोबर १६० होतात. मूळ इंग्रजी वर्णनात सेक्शन शेवटी येतो, म्हणून ते मागून पुढे वाचावे : आधी सेक्शन, मग त्याचा चतुर्थांश, मग त्या चतुर्थांशाचा भाग. आपल्या माणसाच्या वर्णनाची अशी बेरीज करून पाहावी. ती जुळली नाही तर उतरवताना काहीतरी गळले आहे, किंवा तो सेक्शन मोजणीतच पूर्ण भरलेला नव्हता.

सावधान : मोजणीची टाउनशिप आणि प्रशासनाची टाउनशिप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला आकडा असतो, दुसरीला नाव. जनगणनेच्या तक्त्याच्या माथ्यावर असते ती दुसरी.

आता फाइल मागवा. सनदेवरचे राज्य, जमीन कचेरी, अंतिम प्रमाणपत्राचा क्रमांक आणि जमिनीचे वर्णन देऊन वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे संपूर्ण फाइल मागता येते. नेब्रास्काच्या होमस्टेड फाइली स्कॅन झालेल्या असल्याने त्या घरबसल्या दिसतात. जमिनीवर राहिल्याचा आणि ती कसल्याचा अंतिम पुरावा देताना फ्रीमन यांच्या साक्षीदारांनी जे सांगितले, त्यात १४ बाय २० फुटांचे एकमजली घर आहे, दोन दारे, दोन खिडक्या आणि फळ्यांची जमीन आहे. सुमारे ३५ एकर नांगरलेले रान, तबेला, शंभर फूट लांबीचा मेंढवाडा, सफरचंदाची ४० आणि पीचची सुमारे ४०० झाडेही त्यात आहेत. असे तपशील दुसऱ्या कोणत्याही कागदात मिळत नाहीत. अर्जदार परदेशातून आलेला असेल तर नागरिकत्वाच्या कागदाची प्रतही त्याच फाइलीत असते.

साक्षीदारांची नावे उतरवून घ्या. ते शेजारी असतात आणि पुष्कळदा मेहुणे, साडू किंवा पूर्वीच्या गावचे सोबती निघतात. आपल्या माणसाचे मूळ गाव कुठेच लिहिलेले नसेल, तर साक्षीदारांचे मूळ गाव शोधावे. एकाच गावचे लोक एकत्र निघून शेजारी शेजारी जमिनी घेत. माझी आठ महिने अडलेली वाट शेवटी एका साक्षीदाराच्या मृत्युलेखाने मोकळी झाली.

सनद नसेल तर? अनेक अर्जदार दुष्काळ, टोळधाड किंवा कर्ज यांमुळे पाच वर्षे टिकले नाहीत. त्यांना सनद मिळाली नाही, म्हणून त्यांचे नाव सनदांच्या सूचीत येत नाही, पण रद्द झालेल्या अर्जाचीही फाइल असते. तिच्यासाठी जमीन कचेरीची गटवार नोंदपुस्तके पाहावी लागतात. ती फॅमिलीसर्चवर आहेत, पण नावाने नव्हे तर टाउनशिप आणि रेंजच्या क्रमाने लावलेली आहेत. शेजाऱ्याच्या जमिनीचे वर्णन हाती असेल तर तिथून सुरुवात करावी.

फ्रीमन यांच्याविषयी अशी कथा सांगतात, की नववर्षाच्या आदल्या रात्रीच्या मेजवानीत त्यांनी ब्राउनव्हिलच्या जमीन कचेरीतल्या माणसाला गाठले आणि मध्यरात्र उलटताच कचेरी उघडायला लावली. अर्जाचा क्रमांक १ आणि तारीख १ जानेवारी १८६३ हे कागदाने सिद्ध होते. मेजवानी आणि मध्यरात्र मात्र सांगोवांगीवर उभ्या आहेत. आपल्या घरच्या कथांनाही हेच लावावे : कथा टाकू नये, पण ती कागदाच्या ओळीत बसवू नये.

## टप्पा ५ : विवाह, मृत्यू, वारसा आणि खटले

विवाहाची नोंद वराच्या काउंटीत शोधणे ही नेहमीची चूक आहे. लग्न बहुधा वधूच्या माहेरी होत असे. फ्रीमन यांची जमीन नेब्रास्कात होती, पण १८६५ मधल्या त्यांच्या विवाहासाठी आयोवातल्या ल क्लेअरकडे, म्हणजे अ‍ॅग्नेस सूटर यांच्या माहेरी पाहावे लागते. शिवाय हा त्यांचा दुसरा विवाह होता. थोरल्या मुलांच्या आईचे नाव या नोंदीतून काढणारा चुकलाच.

थडग्यावरचे लेख छायाचित्रासह ‘फाइंड अ ग्रेव्ह’वर मिळतात. दगडावर कोरलेले तेवढे पुरावा म्हणून घ्यावे. खाली कुणी भर घातलेल्या आईवडिलांच्या नावांना पुराव्याचे वजन नाही. ‘कॉन्सॉर्ट’ लिहिले असेल तर पती हयात असताना ती वारली, ‘रेलिक्ट’ लिहिले असेल तर ती विधवा होती. जन्मतारखेऐवजी वय दिलेले असेल तर वजाबाकी करावी. १२ मार्च १८८१ रोजी मृत्यू आणि वय ५४ वर्षे, २ महिने, २० दिवस, म्हणजे जन्म २३ डिसेंबर १८२६ चा. आधी वर्षे, मग महिने, शेवटी दिवस, याच क्रमाने वजा करावे.

वारसाच्या प्रकरणात मृत्युपत्रापेक्षा वाटपाचा कागद मोलाचा असतो, कारण मृत्युपत्रात वगळलेले किंवा परराज्यात गेलेले मूलही वाटपाच्या वेळी नावानिशी येते. विवाहित मुलींची सासरची आडनावे इथेच मिळतात. दिवाणी दावेही सोडू नयेत. शाळेत बायबलवाचनाला विरोध करणारा फ्रीमन यांचा दावा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९०२ मध्ये निकाली निघाला. अशा दाव्यांच्या कागदांत पक्षकार आणि शेजारी आपापल्या शब्दांत बोलतात.

वर्तमानपत्रांसाठी लायब्ररी ऑफ काँग्रेसचा ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’ हा संग्रह विनामूल्य आहे. १८७९ पासून होमस्टेडचा अंतिम पुरावा देण्याआधी वर्तमानपत्रात सूचना द्यावी लागे आणि तिच्यात साक्षीदारांची नावे असत. फाइल मिळेपर्यंत ही सूचना उपयोगी पडते.

## टप्पा ६ : युद्ध आणि पेन्शन

१८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धाच्या वेळी आपला माणूस साधारण अठरा ते पंचेचाळीस वर्षांचा असेल, तर हा टप्पा गाळू नये. सेवेची नोंद आणि पेन्शनची फाइल वेगवेगळ्या आहेत. पहिलीत हजेरी आणि दुखापती असतात, तर दुसरीत कुटुंब असते. विधवेला विवाह सिद्ध करावा लागे आणि अल्पवयीन मुलांचे जन्मही, म्हणून बायबलची फाडलेली पाने, पाद्र्याचा दाखला, सुइणीचे प्रतिज्ञापत्र असे सर्व त्या फाइलीत येऊन पडले आहे. उत्तरेच्या सैनिकांच्या फाइली राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. दक्षिणेच्या सैनिकांना पेन्शन त्या त्या राज्याने दिली, आणि तीही युद्धाच्या वेळी तो जिथे राहत होता त्या राज्याने नव्हे, तर अर्ज करताना जिथे राहत होता त्या राज्याने.

तपासा : मागणी करताना ‘संपूर्ण फाइल’ असे स्पष्ट लिहिले का? निवडक पानांच्या संचात नेमकी साक्षीदारांची पाने राहून जातात.

## टप्पा ७ : समुद्रापलीकडचे गाव

इथे घाई सर्वांत जास्त होते. जर्मनी किंवा नॉर्वेतल्या नोंदींत उडी मारण्याआधी गावाचे नेमके नाव अमेरिकेतल्या कागदातून मिळाले पाहिजे. जनगणनेत नुसते ‘प्रशिया’ असते आणि त्याने काही होत नाही. गावाचे नाव चर्चच्या विवाहनोंदीत, मृत्युलेखात, थडग्यावर किंवा पेन्शनच्या फाइलीत येते.

सप्टेंबर १९०६ पूर्वी कोणत्याही न्यायालयात नागरिक होता येत असे आणि काम दोन पायऱ्यांत चाले : आधी इराद्याची घोषणा, काही वर्षांनी अर्ज. या दोन पायऱ्या दोन वेगळ्या राज्यांत झालेल्या असू शकतात. १८५५ ते १९२२ या काळात पत्नीला पतीमुळे नागरिकत्व मिळे, त्यामुळे तिचे वेगळे कागद सहसा नसतात. न्यू यॉर्कला उतरणाऱ्यांसाठी १८५५ ते १८९० कॅसल गार्डन हे आगमन केंद्र होते, आणि एलिस आयलंड १ जानेवारी १८९२ ला सुरू झाले. ‘एलिस आयलंडवर आमचे आडनाव बदलले’ ही कथा जवळजवळ प्रत्येक घरात ऐकू येते, पण प्रवाशांच्या याद्या निघण्याच्या बंदरावर तयार होत आणि इथले अधिकारी त्याच पडताळून पाहत. आडनाव बदलले असेल तर ते पुढे, शेजाऱ्यापाजाऱ्यांत राहताना बदलले.

## टप्पा ८ : १८५० च्या अलीकडे थांबा, मग पलीकडे जा

१८४० आणि त्यापूर्वीच्या जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव असते, बाकीचे वयोगटांतले आकडे. १८५० मध्ये ज्ञात असलेल्या सर्व माणसांची वये दहाने कमी करून ती १८४० च्या रकान्यांत बसतात का, ते पाहावे. एखादा आकडा उरला तर तो मेलेल्या मुलाचा, आश्रित आईचा किंवा मजुराचा असू शकतो. त्या काळात ‘ज्युनियर’ म्हणजे मुलगाच असे नव्हे. एका गावात एकाच नावाचे दोघे असले की धाकट्याला ज्युनियर म्हणत, मग ते काका-पुतणे असोत वा परके. ‘मदर-इन-लॉ’ हा शब्द सावत्र आईसाठीही वापरला जाई.

एकाच नावाच्या दोघांना वेगळे करण्याचा उपाय म्हणजे दोघांचेही आयुष्य वर्षावार, दोन रकान्यांत लिहिणे : जमीन, पत्नी, साक्षीदार, कर, सही की नुसती खूण. एका वर्षी दोन ठिकाणी कर भरलेला दिसला की माणसे दोन असण्याची शंका घ्यावी. मी हा तक्ता आधी मांडला असता तर एका दिवसात चूक कळली असती.

डीएनए चाचणी प्रश्न ठरल्यावर करावी. ज्यांचे खापरपणजोबा एकच आहेत अशा चुलत-मावस नात्यात दोघांचा काहीच अंश जुळत नाही असेही घडते, म्हणून जुळणी नसणे म्हणजे नाते नसणे असे नाही. चाचणी घरातल्या सर्वांत वृद्ध व्यक्तीची, तिची संमती घेऊन करावी.

## टप्पा ९ : विरोधी पुरावे आणि लेखन

कागद एकमेकांशी भांडतात. थडगे १८२६ म्हणते, जनगणना १८२९ सुचवते. बहुमताने निर्णय करू नये, कारण तीन कागद एकाच चुकीच्या माहितीवरून उतरलेले असू शकतात. कोणता कागद घटनेच्या जवळच्या काळात झाला, कुणी सांगितला आणि त्याला ते माहीत असण्याचे कारण होते का, या तीन प्रश्नांवर ठरवावे, आणि मागे टाकलेला पुरावाही कारणासह नोंदवून ठेवावा.

लिहिताना प्रत्येक विधानापुढे कागदाचे नाव, काउंटी, खंड आणि पान द्यावे. संकेतस्थळाचा नुसता पत्ता पुरत नाही, तो बदलतो. सिद्ध न झालेला दुवा वंशवृक्षात तुटक रेषेने दाखवावा. हयात व्यक्तींच्या जन्मतारखा सार्वजनिक वंशवृक्षात घालू नयेत. काम एका पिढीपर्यंत पुरे झाले की त्याची एक छापील प्रत त्या काउंटीच्या इतिहास मंडळाकडे पाठवावी आणि आपला पत्ता सोबत द्यावा, कारण त्याच साक्षीदारांच्या घराण्यातले कुणीतरी तिथे दुसऱ्या टोकाकडून शोध घेत असते.